आमवात व स्टेरॉईडची अल्प मात्रा

आमवातांत शरीराची रक्षकशक्तिच सांध्यांवर उलटते. सकाळीं बोटें आखडतात, आईला कणीक मळवत नाहीं. १९४८ सालीं अमेरिकेंत डॉ. हेंच यांनीं कॉर्टिसोन हें स्टेरॉईड दिलें, तेव्हां अंथरुणास खिळलेले रोगी चालूं लागले; परंतु मोठ्या मात्रेचे दुष्परिणामही लवकरच दिसले.

मग अल्प मात्रा निर्धोक आहे काय? २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय प्रयोगांत ६५ वा अधिक वयाच्या ४५१ रोग्यांपैकीं निम्म्यांस दोन वर्षें रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, व इतरांस औषधहीन गोळी दिली. औषधानें रोगाचा जोर व सांध्यांची झीज कमी झाली. मात्र संसर्गादि त्रास शेंकडा ४९ ऐवजीं ६० जणांस झाले, बहुतेक सौम्य.

म्हणून भद्रावतीच्या व आसपासच्या खेड्यांतील पालकांस आमची विनंती अशी कीं, बिननांवाची पुडी घेऊं नये. अशा पुड्यांत कधीं कधीं स्टेरॉईड आढळलें आहे, आणि त्याची मात्रा घेणारास ठाऊक नसते. मधुमेह वा पूर्वींचा क्षय डॉक्टरांपासून लपवूं नये. बरेच दिवस घेतलेली गोळी एकाएकीं सोडूंही नये. कारण शरीरांतील ग्रंथि तोंवर आपलें काम विसरलेली असते. डॉक्टरांच्या सल्ल्यानें ती हळूहळू कमी करावी.