तक्रार म्हणजे रडीचा डाव नव्हे!

रविवारची रात्र, सव्वाअकराची वेळ. भाचा सोफ्यावर मांडी ठोकून मोबाइलवर दहा-दहा मिनिटांचा बुद्धिबळाचा डाव खेळत होता. समोरचा कोण, कुठला, काही पत्ता नाही. अठराव्या चालीला तो ओरडला, ‘‘मामा, हा इंजिन लावून खेळतोय! बघ ना, प्रत्येक चालीला मोजून सात सेकंद घेतो.’’

मीही घड्याळाकडे बघत बसलो. घोड्याने घोडा मारला. उलट मारण्यावाचून गत्यंतर नाही, ती चाल कुणीही डोळे मिटून करेल. तरी सात सेकंद. मग हत्तीचा बळी देणारी एक चाल आली, भल्याभल्यांना घाम फोडणारी. तिलाही सातच. भाचा हरला आणि तावातावाने ‘चीटर’ असं टाइप करू लागला. मी त्याचा हात धरला आणि तक्रार नोंदवायचं बटण दाखवलं.

‘‘त्याने काय होणार? उलट मीच रडीचा डाव खेळतोय असं वाटेल.’’

हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाही. हरल्यावर तक्रार करायची लाज वाटते म्हणून कित्येक जण ते बटण दाबतच नाहीत. आणि काही जण हरलेल्या प्रत्येक डावानंतर दाबतात. या दोन्ही टोकांच्या मधली वाट गणित दाखवतं.

खिशातला जगज्जेता

1997च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने जगज्जेत्या गॅरी कास्पारोवला साडेतीन विरुद्ध अडीच असं हरवलं, तेव्हा त्या यंत्राला दोन मोठी कपाटं लागली होती. आज ‘स्टॉकफिश’ नावाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळाच्या चाली काढणारा प्रोग्राम, फुकट मिळतं, साध्या मोबाइलवर चालतं आणि कुठल्याही माणसाला लोळवतं. माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसनचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग 2882. आजची इंजिनं याच मापाने साडेतीन हजारांच्या पलीकडे धरली जातात. दुसरा मोबाइल मांडीवर ठेवला की लबाडीची तयारी पूर्ण.

अडाणी लबाड प्रत्येक चाल इंजिनची उतरवतो. तो लवकर सापडतो. हुशार लबाड मात्र बहुतेक डाव स्वतःच्या डोक्याने खेळतो आणि नेमक्या दोन-तीन अडचणीच्या जागी इंजिनला विचारतो. खरी डोकेदुखी त्याची.

चाली जुळल्या म्हणजे चोरी?

पकडायचं कसं? इंजिन प्रत्येक चालीची किंमत प्याद्याच्या शंभराव्या भागात मोजतं. सर्वोत्तम चाल सोडून दुसरी खेळलात की किती गमावलंत ते या मापाने कळतं. डावभराची सरासरी काढली की खेळ किती बिनचूक होता ते दिसतं. पण इथेच गफलत होते. पाठ केलेली सुरुवात, उलट मारण्याच्या सक्तीच्या चाली, एकतर्फी झालेला डाव, या सगळ्यांत नवशिकाही इंजिनशी जुळणाऱ्या चाली खेळतो.

2006 साली रशियातल्या एलिस्टा इथे व्लादिमीर क्रामनिक आणि वेसेलिन टोपालोव यांची जगज्जेतेपदाची लढत चालू असताना टोपालोवच्या व्यवस्थापकाने क्रामनिकच्या चाली ‘फ्रिट्झ’ या इंजिनशी फार जुळतात, असं जाहीर करून टाकलं. या प्रकरणानंतर अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक केनेथ रेगन या विषयामागे लागले. रेगन स्वतः इंटरनॅशनल मास्टर आहेत. त्यांनी प्रश्नच बदलला. ‘किती चाली जुळल्या?’ हे विचारून उपयोग नाही. ‘या ताकदीच्या खेळाडूच्या, नेमक्या याच स्थितींमध्ये, किती चाली जुळायला हव्या होत्या?’ हे विचारायचं. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक प्रमाण विचलनात मोजायचा. फरक जितका मोठा, तितकी योगायोगाची शक्यता कमी.

योगायोगालाही हलकं समजू नये. 2023मध्ये याच क्रामनिकने ग्रँडमास्टर हिकारू नाकामुराकडे संशयाने पाहिलं, कारण नाकामुराने ऑनलाइन झटपट डावांत 46पैकी साडेपंचेचाळीस गुण मिळवले होते. एकेकाळी आकड्यांच्या आधारे ज्याच्यावर बोट रोखलं गेलं, तोच आता आकडे दाखवत होता! पण नाणं उडवून बघा. लागोपाठ दहा वेळा छाप पडण्याची शक्यता 1024त एक. तेच नाणं तीस हजार वेळा उडवलंत, तर अशी मालिका चौदा-पंधरा वेळा दिसायला हवी. नाकामुरा हजारो-हजारो डाव खेळलेला, आणि त्यातले पुष्कळसे आपल्याहून बऱ्याच कमी ताकदीच्या खेळाडूंशी. ते डाव जिथे झाले त्या संकेतस्थळाने तपासणी केली आणि लबाडीचा पुरावा नाही, असं सांगितलं. लांबलचक मालिकेतला सर्वांत चमकदार तुकडा कापून दाखवला की तो नेहमीच अशक्य वाटतो.

बटणाचं गणित

मग सगळं यंत्रावरच का सोडू नये? समजा, दहा हजार खेळाडू आहेत आणि त्यांतले शंभर लबाड. एक चाचणी शंभरातले 95 लबाड पकडते आणि शंभर प्रामाणिकांपैकी फक्त एकावर चुकून शिक्का मारते. चाचणी उत्तम वाटते ना? पण प्रामाणिक आहेत 9,900. त्यांच्यातले 99 जण नाहक अडकले. एकूण 194 जणांवर शिक्का, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त निरपराध! सुक्याबरोबर ओलंही जळालं.

आता तीच चाचणी याहून कितीतरी मोठ्या गर्दीतल्या, फक्त तक्रार आलेल्या हजार जणांवर लावू. समजा, खेळाडूंनी डोळसपणे तक्रारी केल्या आणि या हजारांत दोनशे लबाड आहेत. चाचणी त्यांतले 190 पकडेल, आणि उरलेल्या आठशे प्रामाणिकांपैकी आठ जणांना चुकून धरेल. 198 शिक्क्यांपैकी 190 खरे. चाचणी तसूभरही सुधारली नाही. तिला कुठे बघायचं ते कुणीतरी सांगितलं, एवढंच. संभाव्यताशास्त्रातला बेझचा सिद्धान्त हेच सांगतो. हे आकडे समजुतीपुरते आहेत आणि प्रत्यक्षात संकेतस्थळं याहून कितीतरी कडक कसोट्या लावतात. तत्त्व मात्र हेच. रोज लाखो डाव होतात, प्रत्येकाची कसून चिरफाड शक्य नसते. तुमची तक्रार विजेरीचा झोत कुठे टाकायचा ते सांगते.

पण गणिताची अटही नीट वाचा: ‘डोळसपणे’. हरलेल्या प्रत्येकाने रागाच्या भरात बटण दाबलं, तर तक्रार आलेल्यांत आणि न आलेल्यांत फरकच राहणार नाही. मग ते साप साप म्हणून भुई धोपटणं होईल. आणि एकाचं ऐकून शंभर जणांनी केलेल्या तक्रारी म्हणजे शंभर पुरावे नव्हेत. तो एकच पुरावा, शंभरदा मोजलेला.

चव्हाट्यावर काय होतं?

मार्च 2021मध्ये अमेरिकेतला इंटरनॅशनल मास्टर लेव्ही रोझमन प्रेक्षकांसमोर थेट प्रक्षेपण करत ‘देवा किपास’ या नावाने खेळणाऱ्या इंडोनेशियन खेळाडूशी हरला. चालींचा बिनचूकपणा आणि प्रत्येक चालीला लागणारा एकसारखा वेळ त्याला खटकला, त्याने तक्रार केली. चेस डॉट कॉम या संकेतस्थळाने खातं बंद केलं. खेळाडू होते दादांग सुबुर. त्यांच्या मुलाने फेसबुकवर वडिलांची बाजू मांडली आणि इंडोनेशियात गदारोळ उठला. रोझमनवर शिव्याशापांचा असा वर्षाव झाला, की त्याला समाजमाध्यमांवरची दारं लावून घ्यावी लागली. शेवटी 22 मार्चला सुबुर यांचा सामना इंडोनेशियाचीच नामवंत खेळाडू इरिन सुकंदर हिच्याशी ठेवला गेला. दहा लाखांहून अधिक लोक तो एकाच वेळी पाहत होते. सुबुर तिन्ही डाव हरले.

खातं बंद करण्याचा निर्णय संकेतस्थळाने स्वतःच्या तपासणीवरून घेतला होता. गर्दीला मात्र तक्रार करणाराच न्यायाधीश वाटला. म्हणूनच तक्रारीची जागा बटणामागे, बंद दाराआड असावी. तिथे तुमचा संशय चुकला तर कुणाची अब्रू जात नाही, आणि खरा ठरला तर तुमच्यावर कुणी तुटून पडत नाही. चॅटमध्ये ‘चीटर’ म्हणण्यात यांपैकी काहीच साधत नाही. समोरचा प्रामाणिक असेल तर दुखावतो. लबाड असेल तर सावध होतो.

चांगली तक्रार कशी असते? लिचेस या संकेतस्थळावर तक्रारीच्या अर्जात डावाचा दुवा मागतात आणि नुसतं ‘लबाडी करतो’ न म्हणता तसं का वाटलं ते लिहायला सांगतात. म्हणजे चालींचे क्रमांक, वेळेचा नमुना, गळपटलेला डाव अचानक पालटला ती जागा. चाल चांगली होती एवढं पुरत नाही. इतकी चांगली चाल इतक्या सहज कशी आली, हे सांगा. लबाडी सिद्ध झाली तर तिच्यापायी गमावलेले रेटिंगचे गुण अशी संकेतस्थळं बऱ्याचदा परतही करतात.

त्या रात्री भाच्याने तीन ओळी लिहिल्या. अठरावी, एकोणिसावी आणि बाविसावी चाल, प्रत्येकी सात सेकंद, त्यातली एक सक्तीची, एक हत्तीचा बळी. मग झोपला. निकाल काय लागला ते आम्हाला कळलेलं नाही.

पुढच्या रविवारी तो पुन्हा हरला. पुन्हा ‘‘मामा, हा पण!’’ म्हणत त्याने तक्रारीचा अर्ज उघडला. कारण लिहायचं म्हणून डाव पहिल्यापासून चाळू लागला. चौदाव्या चालीला थांबला. पुढेमागे करून दोनदा बघितलं.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही. उंट उघडाच टाकला होता मी,’’ तो म्हणाला, आणि त्याने अर्ज बंद केला.