डाग, खड्डे आणि आजीचं जायफळ

सोमवारी सकाळी साडेनऊला क्लायंटसमोर प्रेझेंटेशन आणि रविवारी रात्री नाकाच्या शेंड्यावर उगवलेला टपोरा, लालबुंद पिंपल! हा योग ज्याच्या पत्रिकेत नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. माझ्या पत्रिकेत तर तो सोळाव्या वर्षापासून ठाण मांडून होता. आता मी तिशीला टेकलेय. फोड गेलेत, पण जाताना उजव्या गालावर सह्या करून गेलेत.

आमच्या घरात याला 'ॲक्ने' कुणीच म्हणत नाही. आई पुटकुळ्या म्हणते, साताऱ्याची आजी तारुण्यपीटिका असं भारदस्त नाव घेते आणि बाबा सरळ मुरुम म्हणून मोकळे होतात. रस्त्यावर टाकतात तोही मुरुम आणि गालावर येतो तोही मुरुमच. आणि दोन्हींनंतर खड्डे राहू शकतात, हे मला फार उशिरा कळलं.

सुरुवात आजीपासूनच झाली. दहावीनंतरच्या सुट्टीत साताऱ्याला गेले तेव्हा आजीने माझी हनुवटी वर करून चेहरा नीट पाहिला, सहाण काढली आणि दुधाच्या चार थेंबांत जायफळ उगाळलं. काडीच्या टोकाने फक्त फोडावर एक ठिपका. ''आणि हात लावायचा नाही. फोडायचं तर मुळीच नाही,'' एवढंच बजावलं. मी जायफळ घेऊन पुण्याला आले आणि हात लावायचा नाही हे साताऱ्यालाच ठेवून आले. आरशासमोर उभं राहून दोन नखांत फोड पकडण्यातलं ते समाधान... ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको!

पुढे नोकरी, हिंजवडी, पीजीतली खोली आणि तीन रूममेट. प्रत्येकीचा एकेक 'नॅचरल' नुस्खा. एकीची मुलतानी माती, एकीची कोरफड, तिसरीची टूथपेस्ट (ती नॅचरल कशी, हे तिलाच ठाऊक). मला मात्र घाई होती. कुठेतरी वाचलं होतं की लिंबू म्हणजे नैसर्गिक ब्लीच. मे महिन्यातल्या एका शनिवारी अर्धं लिंबू गालावर खसाखसा चोळलं, वरवर धुतलं आणि ॲक्टिव्हा काढून भर दुपारी लक्ष्मी रोडला खरेदीला गेले. संध्याकाळी गाल चुरचुरायला लागला. दोन दिवसांनी तिथे तपकिरी पट्टे उमटले आणि ते दिवाळीपर्यंत मुक्कामाला राहिले.

कारण साधं होतं, पण तेव्हा कोण सांगणार? आपल्या त्वचेचा वरचा थर किंचित आम्ल असतो, साधारण पाच पीएच. लिंबाचा रस दोनच्या आसपास, म्हणजे कित्येक पटींनी जहाल. वर लिंबाच्या सालीत अशी काही द्रव्यं असतात की त्यांचं उन्हाशी संगनमत झालं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळी पडते. 'नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय' या वाक्यावरचा माझा विश्वास त्या उन्हाळ्यात उडाला.

खरं तर तेव्हाच शहाणं व्हायचं. पण मामेबहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. घराजवळच्या एका मेडिकलवाल्याने चेहरा बघूनच एक ट्यूब पुढे केली. ''ताई, आठ दिवसांत रिझल्ट.'' आणि मंडळी, खरंच आठ दिवसांत रिझल्ट! लग्नाच्या फोटोंत माझा चेहरा असा काही उजळलाय की ते फोटो अजून आईच्या टीव्हीशेजारी फ्रेममध्ये आहेत. ट्यूब बंद केल्यावर दहाव्या दिवशी चेहरा लाल, आग आग आणि पूर्वी कधी आले नव्हते एवढे बारीक फोड. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. डॉक्टरांनी यासाठी वेगळं नावच ठेवलंय, 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस'. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी आजही कुणाच्या पर्समध्ये ती ट्यूब दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

शेवटी वयाच्या तेविसाव्या वर्षी मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. म्हणजे पहिल्या पिंपलनंतर तब्बल सात वर्षांनी. मला वाटलं होतं, बाई दोन गोळ्या लिहून देतील आणि घरगुती उपायांवरून झापतील. त्यांनी मला अर्धा तास प्रश्न विचारले. केसांना तेल कधी लावतेस? गाडीवर तोंडाला काय बांधतेस? पाळी वेळेवर येते का? झोपतेस किती वाजता? ऑफिसात चहा किती होतो, त्यात साखर किती? 'होलिस्टिक' हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही, पण त्याहून होलिस्टिक चौकशी माझी कुणी केलेली नाही.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्वचेखाली तेलाच्या ग्रंथी असतात. वयात येताना हार्मोन्समुळे त्या जास्त तेल सोडायला लागतात. रंध्राचं तोंड मेलेल्या पेशींनी बुजतं, आत तेल साचतं आणि एरवी निमूट राहणारा 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस' नावाचा जंतू तिथे फोफावतो. शरीर त्याच्याशी भांडायला लागतं, ती सूज म्हणजे आपला पिंपल. यात चेहऱ्यावरच्या धुळीचा भाग फारच थोडा. मी दिवसातून पाच वेळा तोंड धूत होते! ''दोनदा पुरे. घासू नकोस, ते भांडं नाही,'' त्या म्हणाल्या.

प्रश्नांची उत्तरं एकेक उलगडत गेली. कपाळावरचे बारीक पुरळ खोबरेल तेलाचे निघाले. मी रात्री डोक्यावर तेल थापून झोपायची आणि ते उशीवर, उशीवरून कपाळावर. पोमेड ॲक्ने म्हणून याची नोंद 1970 सालापासून आहे. हनुवटीवरचे फोड होते आपल्या लाडक्या पुणेरी स्कार्फचे. डोळे सोडून सगळं गुंडाळायचं, त्यावर हेल्मेटचा पट्टा, आत घाम आणि दिवसभर घासाघीस. स्कार्फ सोडायचा नव्हताच (पुण्यात शक्य आहे का ते?), फक्त सुती घ्यायचा आणि रोज धुवायचा. मी तोपर्यंत आठवड्याला एकदा धूत होते, तोही आठवला तर.

आणि खाणं. इथे दोन्ही बाजूंना टोकाची मतं आहेत. 1969 साली अमेरिकेत 65 जणांवर प्रयोग करून चॉकलेटने पिंपल्स वाढत नाहीत असं जाहीर झालं आणि पुढची कित्येक वर्षं डॉक्टर 'खाण्याचा काही संबंध नाही' म्हणत राहिले. गंमत अशी की तुलनेसाठी दिलेल्या बिनचॉकलेटच्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळपास तेवढाच होता! मग 2007 साली ऑस्ट्रेलियात 43 तरुणांवर बारा आठवडे प्रयोग झाला. ज्यांच्या जेवणातून रक्तातली साखर झपकन चढवणारे पदार्थ कमी केले, त्यांचे फोड इतरांपेक्षा जास्त कमी झाले. दुधाशी, विशेषतः साय काढलेल्या दुधाशी, संबंध दिसलाय, पण तो इतका पक्का नाही. जिममध्ये व्हे प्रोटीन सुरू केल्यावर चेहरा बिघडलेले दोन मित्र मात्र माझ्याच टीममध्ये आहेत. मी काय केलं? व्हेंडिंग मशिनचे पाच गोड चहा दोनवर आणले, नाश्त्याला ब्रेड-जॅमऐवजी मोडाची उसळ किंवा रात्रीची भाकरी. साबुदाण्याची खिचडी सोडलेली नाही. काही गोष्टींना पर्याय नसतो.

झोपेचं आणि टेन्शनचंही थोतांड नाही, बरं का. स्टॅनफर्डमध्ये 2003 साली 22 विद्यार्थ्यांना परीक्षेआधी आणि परीक्षेच्या काळात तपासलं तर ज्यांचा ताण जास्त वाढला त्यांचे फोडही जास्त बिघडले होते. आमच्याकडे परीक्षेच्या जागी अप्रेझल.

याच सुमारास आईच्या आग्रहाखातर सदाशिव पेठेतल्या एका वयस्कर वैद्यांकडेही जाऊन आले. त्यांनी सांगितलं, सुश्रुताने या फोडांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिलीय आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांचा लेप सांगितलाय. काटेसावरीचं खोड पाहिलंय ना? अगदी तंतोतंत! मग मी जरा धीर करून उजवा गाल पुढे केला. ''आणि या खड्ड्यांसाठी?'' त्यांनी चष्मा वर केला, बोटाने गाल चाचपला. ''बाळ, फोडाला लेप आहे. खड्ड्याला नाही. जिथलं मांसच गेलंय तिथे मी काय लावू?'' औषध खपवायची इतकी सुंदर संधी सोडणारा माणूस मला आवडून गेला.

डाग आणि खड्डा यांतला फरक मला त्या दिवशी कळला आणि हा लेख खरं तर त्यासाठीच लिहितेय. फोड बसल्यावर उरतो तो काळा-तपकिरी डाग म्हणजे रंगद्रव्य. त्वचेची पातळी तीच असते, फक्त रंग बदललेला. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला हे जास्त होतं, पण हे डाग काही महिन्यांत फिकट होत जातात. अट एकच, रोज सनस्क्रीन, ढगाळ असलं तरी. नाहीतर ऊन त्यांना पुन्हा गडद करत बसतं. सगळे घरगुती लेप, सीरम, 'माझे डाग गेले'वाल्या कहाण्या याच डागांच्या. काही तर आपोआपच जाणारे होते, श्रेय हळदीला मिळालं.

खड्डा ही वेगळी चीज. खोलवर सूज आली की खालचं कोलॅजन नष्ट होतं आणि वरची त्वचा आत खचते. काही खड्डे टाचणीने टोचल्यासारखे अरुंद नि खोल, काही उभ्या कडांचे, काही लाटांसारखे पसरट. तिन्हींना कोरफड भरून काढत नाही, कितीही मनोभावे लावली तरी. मी मायक्रोनीडलिंगची चार सेशन्स केली. बारीक सुयांनी मुद्दाम जखमा करतात, म्हणजे त्वचा नवं कोलॅजन बनवते. लाटा बऱ्याच सपाट झाल्या, टाचण्या आहेत तिथेच आहेत. (हे पार्लरमध्ये करून घेऊ नका, प्लीज.)

म्हणजे 'नॅचरल' सगळं फुकट? अजिबात नाही. 1990 साली ऑस्ट्रेलियात 124 जणांवर पाच टक्के टी ट्री ऑइलची तुलना नेहमीच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडशी केली गेली. दोन्हींनी फोड कमी झाले, तेलाने हळू, पण त्रासही कमी झाला. शुद्ध तेल मात्र थेट गालावर नको. मला लिहून दिलेलं ॲझेलिक ॲसिड गहू-बार्लीतही सापडतं, फोडांवर आणि डागांवर दोन्हींवर चालतं. रात्रीचं जेल 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं. त्याने त्वचा कोरडी पडायची, तेव्हा वरून कोरफडीचा गर लावायला बाईंनीच सांगितलं. हलके, वरवरचे फोड असतील तर घरचे उपाय आणि सवयी बदलून दोन-तीन महिने थांबायला हरकत नाही. पण त्वचेखाली दुखऱ्या गाठी असतील, तर त्या थांबण्यातच खड्डे पडतात. माझे तसे पडले. जायफळाने माझं काही बिघडवलं नाही. माझी सात वर्षं गेली ती 'आणखी एक लेप करून बघू' म्हणण्यात.

मागच्या दिवाळीत साताऱ्याला गेले तर मावशीचा मुलगा, यंदा बारावीत, घरातही टोपी घालून बसलेला. पहाटे अभ्यंगस्नानाला उटणं लावताना तो गाल लावू देईना. मावशी म्हणाली, ''वयात आल्यावर येतातच गं, जातील आपोआप.'' दुपारी तो मागच्या अंगणात एकटा सापडला. फोनमध्ये कुणाचा तरी व्हिडीओ, हातात कॉफी, साखर आणि अर्धं लिंबू. त्याच्या जबड्याच्या कडेला बोट लावलं तर आत सुपारीएवढी गाठ. तो कळवळला. म्हणाला, ''ताई, कॉलेजला गेलो नाहीये पंधरा दिवस. आईला सांगू नको.''

लिंबू मी सरबताला वापरलं. मावशीशी थोडी वादावादी झाली आणि पाडव्यानंतर त्याला तिथल्याच त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. रात्री मटारच्या दाण्याएवढं जेल, काही दिवस गोळ्या आणि 'सुरुवातीला वाढल्यासारखं वाटेल, तीन महिने धीर धर' अशी ताकीद. आजीने विचारलंच, ''आणि माझं जायफळ?'' डॉक्टर हसले. म्हणाले, एखाद्या फोडावर ठिपका लावा, आग झाली तर बंद करा.

सहाव्या आठवड्यात त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. गाठी बसल्या होत्या, डाग होते, खड्डा एकही नव्हता. खाली मेसेज : ''ताई, एक मस्त पिकलाय. फोडू?''

''हात लावलास तर बघ!''

''आजी पण हेच म्हणाली. तुम्ही दोघी कधीपासून एका पार्टीत?''