नाळ सुकेपर्यंतचे दिवस

मूल जन्मले की नाळ कापली जाते. परंतु बेंबीशी राहिलेला तिचा तुकडा सुकून गळून पडण्यास पाच ते पंधरा दिवस लागतात. तेवढे दिवस ती जागा म्हणजे रोगजंतूंना अर्भकाच्या रक्तापर्यंत नेणारी उघडी वाटच असते. महाराष्ट्रात आज दहापैकी नऊहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात, ही समाधानाची गोष्ट आहे. पण दवाखाना नाळ कापून देतो. तिची निगा राखावयाची असते ती घराने, आणि पहिलटकरणीच्या बाबतीत बहुधा माहेरच्या घराने.

ही निगा अगदी साधी आहे. नाळेजवळ हात नेण्यापूर्वी ते साबणाने धुवावेत, नाळ कोरडी व मोकळी ठेवावी, लंगोट बेंबीच्या खाली बांधावा आणि डॉक्टरांनी सांगितल्यावाचून तिच्यावर काहीही लावू नये. यांपैकी शेवटची अटच घरच्यांना सर्वांत अवघड वाटते. तेल, हळद, राख, काजळ, क्वचित शेणही लावले जाते ते निष्काळजीपणाने नव्हे, तर मायेपोटी. काही न करणे हीसुद्धा काळजीच आहे, हे मायेला पटवून देणे सोपे नाही.

तथापि या मायेची किंमत समाजाने पूर्वी मोजलेली आहे. चांगले अंगावर पिणारे मूल काही दिवसांतच दूध ओढीनासे होई, त्याचा जबडा मिटे, अंग ताठरे. हाच नवजात अर्भकाचा धनुर्वात. मातांना मिळालेली लस व स्वच्छ प्रसूती यांमुळे 2015 साली भारतातून त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. पण या निर्मूलनाचा अर्थ, प्रत्येक जिल्ह्यात वर्षाकाठी हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रोगी, एवढाच आहे. त्याचे जंतू माती-शेणात आहेतच. शिवाय बेंबीत पू करणारे इतर जंतूही अर्भकाचा जीव घेऊ शकतात.

घरातच अर्भके वाचविता येतात, याचा दाखला महाराष्ट्रानेच जगाला दिला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची सेवा शिकविली. तेथील नवजात अर्भकांच्या मृत्यूंत 62 टक्क्यांनी घट झाल्याचे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. याच वाटेने 2011 पासून देशभर आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ पाहते.

धाराशिव जिल्ह्यात मात्र ही योजना दोन ठिकाणी अडखळते. कळंब, भूम, वाशी, परांडा या भागांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून जातात. बाळंतीण कारखान्यावरच्या कोपीत आणि तिची आशा गावात, अशी स्थिती असता सातव्या दिवशी तिच्या दाराशी कोण जाणार? तेथे हात धुण्यास पाणी तरी कोठून येणार? जेथे कुटुंब असेल तेथील आशेने ते बाळ आपल्या यादीत घेणे आणि कारखान्याने कोपीपर्यंत पाणी पोचविणे, हे बंधनकारक असले पाहिजे. 2018 साली केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपले नाव घातले. त्या आकांक्षेची कसोटी या कोप्यांतच लागेल.

दुसरी अडचण घरातली. आशेचे बोलणे ऐकते ती सून. हुकूम चालतो तो सासूचा किंवा आजीचा. म्हणून समजूत घालावयाची ती वडीलधाऱ्यांची, आणि तीही त्यांचा मान राखून. अंग शेकण्याचा, बाळंतिणीला खाऊ-पिऊ घालण्याचा त्यांचा अधिकार कोणी काढून घेत नाही. फक्त बेंबी तेवढी सोडा, एवढेच मागणे आहे.

हे मागणे घरोघर पोचविण्यास शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांच्याइतके योग्य कोण? त्यांनी आणखी एक गोष्ट सांगावी. बेंबीभोवतीची कातडी लाल झाली, पू आला, रक्त थांबेना, बाळ पिईना, किंवा अंग तापले वा गार पडले, तर घरगुती उपायांत एक रात्रही न दवडता सरकारी रुग्णालय गाठावे. तेथे आजारी अर्भकाचे उपचार व वाहनाची सोय विनामूल्य आहे. पंधरा दिवसांचा हा संयम ज्या घराला साधेल, त्या घरचे बारसे निर्धास्त होईल.