छापील किंमत आणि प्रत्यक्ष किंमत : अमेरिकेतील निवडक उदारविद्या महाविद्यालयांची प्रवेश व शुल्कव्यवस्था

अमेरिकेतील उच्चशिक्षणाचा विचार करताना आपल्याकडील अभ्यासकांची दृष्टी बहुधा हार्वर्ड, येल यांसारख्या विद्यापीठांवरच खिळते. परंतु त्या देशात एका निराळ्या जातीची संस्था पूर्वापार चालत आलेली आहे, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास ती विद्यापीठाहूनही अधिक उद्बोधक वाटण्याजोगी आहे. तिला तेथे ‘लिबरल आर्ट्स कॉलेज’ म्हणतात. आपण तिला उदारविद्या महाविद्यालय म्हणू. आपल्या ‘आर्ट्स कॉलेजा’शी तिची गल्लत होऊ नये. तेथे भाषा, इतिहास व तत्त्वज्ञान यांच्या जोडीने गणित, पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र हेही शिकवले जाते. पदव्युत्तर वर्ग सहसा नसतात, विद्यार्थिसंख्या दोन हजारांच्या आसपास असते, बहुतेक विद्यार्थी आवारातच राहतात आणि अध्यापकाची किंमत प्रथमतः त्याच्या अध्यापनावरून होते. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स (१७९३) व ॲमहर्स्ट (१८२१), मेनमधील बोडन (१७९४), पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर (१८६४) आणि कॅलिफोर्नियातील पोमोना (१८८७) ही त्यांतील अग्रगण्य नावे होत.

या संस्थांचा वार्षिक खर्च, म्हणजे शिक्षणशुल्क, निवास व भोजन मिळून, आता ८० हजार डॉलरांच्या पुढे गेला आहे. हा आकडा वाचून कोणीही असेच म्हणेल की ही श्रीमंतांची विद्यालये. आणि तरीही ॲमहर्स्ट किंवा विल्यम्स येथील निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक विद्यार्थी ही पूर्ण रक्कम भरीत नाहीत. काहींना तर जवळजवळ काहीच भरावे लागत नाही. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील छापील किंमत आणि दुकानदार प्रत्यक्षात घेतो ती किंमत यांत अंतर असते, हे आपणास ठाऊक आहे. येथे मात्र दुकानदार ग्राहकाच्या घरची मिळकत विचारतो, मग किंमत सांगतो. आणि त्याही आधी, हा ग्राहक आपल्याला हवा की नको हे ठरवतो. या दुहेरी निवडीचे स्वरूप समजावून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम किमतीचा हिशेब पाहू. आपल्याकडील फीमाफी ही मुख्यतः मर्यादेवर आधारलेली असते. उत्पन्न अमुक रकमेच्या आत असेल तर सवलत, एक रुपया वर गेला तर नाही. अमेरिकेतील या महाविद्यालयांची पद्धत पायरीची नसून उताराची आहे. कुटुंबाचे उत्पन्न, शिल्लक, माणसांची संख्या इत्यादी पाहून ‘हे कुटुंब या वर्षी इतके देऊ शकेल’ असा एक आकडा काढला जातो. एकूण खर्चातून तो वजा केला की उरते ती ‘गरज’. समजा, खर्च ८६ हजार डॉलर आहे आणि कुटुंबाची शक्ती २ हजारांची ठरली. गरज ८४ हजारांची झाली. तीपैकी सुमारे ५ हजार केंद्र सरकारच्या ‘पेल’ अनुदानातून येतील, ३ हजार विद्यार्थी ग्रंथालयात किंवा भोजनगृहात काम करून मिळवील आणि उरलेले ७६ हजार महाविद्यालय आपल्या तिजोरीतून देईल. दुसऱ्या कुटुंबाची शक्ती ४० हजारांची ठरली, तर त्याला सरकारी अनुदान मिळणार नाही. पण महाविद्यालय ४३ हजार देईलच. ही उदाहरणे ढोबळ व कल्पित आहेत, तथापि हिशेबाची घडण अशीच असते. विल्यम्सने १९२२ नव्हे, तर अगदी अलीकडे, २०२२ पासून, कर्ज व आवारातील सक्तीचे काम ही दोन्ही कलमे या हिशेबातून काढून टाकली आणि सर्व गरज अनुदानानेच भागवण्यास प्रारंभ केला.

‘शक्ती’ कशी मोजावी, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. याची पहिली पद्धतशीर मांडणी १९५४ साली झाली. त्या वर्षी ‘कॉलेज बोर्ड’ या प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या मंडळाने शिष्यवृत्तीसेवा नावाची शाखा काढली आणि हार्वर्डचे जॉन मन्रो यांनी बसवलेल्या हिशेबाच्या आधारे सर्व संस्थांसाठी एकच अर्जनमुना तयार केला. आज दोन नमुने प्रचारात आहेत : एक केंद्र सरकारचा, दुसरा याच शाखेचा. सरकारी नमुना राहते घर हिशेबात धरीत नाही; दुसऱ्या नमुन्यावर चालणारी पुष्कळ महाविद्यालये घराचे मूल्यही पाहतात. आईवडील विभक्त असतील तर यांपैकी अनेक संस्था मुलाला न सांभाळणाऱ्या पालकाचेही उत्पन्न मागतात. ज्या बापाने दहा वर्षांत पत्र पाठवले नाही त्याच्या मिळकतीचा तपशील सतरा वर्षांच्या मुलीने कोठून आणावा? तिला सूट मागता येते, पण ती मागण्यासाठी पुन्हा निराळा अर्ज व साक्षीदार लागतात. सरकारने २०२० च्या कायद्यान्वये आपला नमुना सोपा करण्याचे ठरवले. तो नवा नमुना २०२३ च्या डिसेंबरच्या अगदी अखेरीस, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे तीन महिने उशिरा, खुला झाला आणि त्या वर्षी सोपेपणाचा त्रास अवघडपणापेक्षा अधिक झाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पूर्ण रक्कम भरणारा विद्यार्थीही स्वतःच्या शिक्षणाचा पूर्ण खर्च भरीत नाही. विल्यम्समधील अर्थशास्त्रज्ञ गॉर्डन विन्स्टन यांनी हा मुद्दा वारंवार मांडला. सामान्य व्यापारी आपला माल उत्पादनखर्चाहून कमी दराने कायमचा विकू शकत नाही; महाविद्यालय विकू शकते, कारण त्याच्यापाशी माजी विद्यार्थ्यांनी दिलेला कायम निधी असतो. विल्यम्स व ॲमहर्स्ट यांचे निधी प्रत्येकी तीन अब्ज डॉलरांहून अधिक आहेत. शिवाय या मालात एक विलक्षण गुण आहे : ग्राहक हाच कच्चा मालही असतो. हुशार सहाध्यायी हा शिक्षणाचा एक घटक असल्यामुळे महाविद्यालय ज्याला त्याला विकत नाही, निवडून विकते. जितका निधी मोठा, तितकी सवलत मोठी. जितकी सवलत मोठी, तितकी रांग लांब. आणि जितकी रांग लांब, तितकी निवड कठोर. श्रेणीव्यवस्था म्हणतात ती अशी आपोआप घट्ट होत जाते.

ज्यांच्यापाशी असा निधी नाही अशा शेकडो खाजगी महाविद्यालयांची स्थिती निराळी आहे. तेथे ‘गुणवत्ता शिष्यवृत्ती’ या नावाने जे वाटले जाते ती बहुतेक वेळा किमतीतील सूटच असते. खाजगी महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दिली जाणारी सरासरी सूट आता छापील शुल्काच्या निम्म्याहून अधिक आहे. पालकांना मुलगी ‘शिष्यवृत्तीधारक’ झाल्याचे समाधान मिळते, महाविद्यालयाला रिकामी खोली भरल्याचे. गरिबाची उणीव मात्र पुष्कळदा तशीच राहते, कारण त्याला पूर्ण वाचवण्याच्या पैशात चार सुस्थितांना थोडी थोडी सूट देता येते.

नेमकी हीच चढाओढ टाळण्यासाठी काही संस्थांनी पूर्वी एक व्यवस्था केली होती, आणि तिचा इतिहास मुळातून पाहण्यासारखा आहे. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ईशान्येकडील आठ नामांकित विद्यापीठे, ज्यांना ‘आयव्ही’ गट म्हणतात ती, आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांचे अधिकारी दर वर्षी एकत्र बसत. एकाहून अधिक संस्थांत निवड झालेल्या विद्यार्थ्यांची नावे समोर ठेवून प्रत्येकाच्या कुटुंबाने किती द्यावे, यावर ते एकमत करीत. परिणामी विद्यार्थ्यास कोठेही गेले तरी तेवढेच पैसे पडत. न्यायखात्याने १९९१ साली यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. आयव्ही गटाने लागलीच तडजोडीवर सही केली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट मात्र लढली. तिचे म्हणणे असे की, आम्ही नफ्यासाठी भाव ठरवीत नाही. मोजका धर्मादाय पैसा, ज्याला नको त्याच्यावर न उधळता ज्याला हवा त्याच्यापर्यंत पोहोचवतो. १९९२ साली पहिल्या न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला. १९९३ साली अपील न्यायालयाने हा सामाजिक हेतू पुरेसा विचारात घेतला गेला नाही असे म्हणून प्रकरण परत पाठवले, आणि त्याच वर्षअखेर तडजोड झाली. पुढे १९९४ च्या एका शिक्षणकायद्यातील ५६८ व्या कलमाने अशा सहकार्यास मर्यादित मोकळीक दिली. मात्र ती केवळ कुटुंबाची ऐपत न पाहता प्रवेश देणाऱ्या संस्थांनाच. हे कलम सप्टेंबर २०२२ मध्ये संपुष्टात आले. तत्पूर्वी, त्याच वर्षीच्या जानेवारीत, या मोकळिकीचा लाभ घेणाऱ्या संस्था धनिक देणगीदारांच्या मुलांना झुकते माप देतात, सबब त्या खऱ्या अर्थाने ऐपत-निरपेक्ष नाहीत, असा खाजगी दावा दाखल झाला होता. अनेक संस्थांनी आरोप मान्य न करता पैसे भरून तडजोड केली.

आमच्या मते या वादात दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. विक्रेत्यांनी एकत्र बसून ग्राहकाची किंमत ठरवणे याला बाजारात जे नाव आहे ते विद्यालयाच्या आवारात बदलत नाही. पण स्पर्धेने पैसा कोणाकडे वळतो, तेही वरील ‘गुणवत्ता शिष्यवृत्ती’च्या प्रकरणात दिसलेच आहे.

आता दुसरी निवड. ‘ऐपत-निरपेक्ष प्रवेश’ म्हणजे अर्ज वाचताना पैशांचा विचार न करणे. ही घोषणा महाग आहे. कनेटिकटमधील वेस्लियनने २०१२ साली ती पूर्णांशाने पाळणे सोडून दिले; निदान उघडपणे सोडले, हे त्या संस्थेच्या प्रामाणिकपणास शोभण्यासारखेच होते. आणि घोषणा पाळली तरी पैसा इतर दारांनी आत येतो. ‘पूर्वनिर्णय’ पद्धतीत विद्यार्थी नोव्हेंबरात एकाच महाविद्यालयास अर्ज करतो आणि निवड झाल्यास तेथेच जाण्याचे वचन देतो. काही महाविद्यालयांत जवळजवळ निम्मा वर्ग असाच भरतो, आणि या वाटेने प्रवेशाची शक्यताही वाढते. ज्याला चार ठिकाणची आर्थिक मदत तोलून पाहावयाची आहे, त्याला हे वचन देणे जड जाते. मदत अपुरी पडल्यास वचनातून सुटका मिळते हे खरे. पण ते ठाऊक असणे हेही एक भांडवलच आहे. तीच गोष्ट खेळांची. ही महाविद्यालये खेळाडूंना त्या नात्याने शिष्यवृत्ती देत नाहीत, प्रवेशात मात्र प्राधान्य देतात. आणि संस्था लहान व संघ अनेक असल्यामुळे विद्यार्थ्यांपैकी खेळाडूंचा हिस्सा काही ठिकाणी तिसऱ्या भागापर्यंत जातो. नौकानयन, स्क्वॉश, लॅक्रॉस हे खेळ कोणत्या वस्तीत खेळले जातात, हे सांगावयास नको. माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना दिले जाणारे झुकते माप ॲमहर्स्टने २०२१ मध्ये बंद केले. अनेकांनी केलेले नाही. २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करण्यास मनाई केली, आणि पुढच्याच वर्षी ॲमहर्स्टच्या नव्या वर्गातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले.

एकूण परिणाम काय होतो? राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली करविवरणांच्या आधारे दाखवले की ३८ महाविद्यालयांत सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील विद्यार्थी हे खालच्या साठ टक्के कुटुंबांतील एकूण विद्यार्थ्यांपेक्षा अधिक होते. कोल्बी, मिडलबरी, केन्यन अशी उदारविद्या महाविद्यालये त्या यादीत होती. २०२३ च्या त्यांच्या अभ्यासात, प्रवेशपरीक्षेत सारखेच गुण मिळवणाऱ्यांमध्ये वरच्या एक टक्क्यातील मुलास आयव्ही गट व तत्सम विद्यापीठांत जाण्याची संधी मध्यमवर्गीयाच्या दुपटीहून अधिक असल्याचे आढळले.

परंतु सगळा दोष निवडणाऱ्यांचा नव्हे. कॅरोलाइन हॉक्सबी व क्रिस्टोफर एव्हरी यांनी दाखवून दिले की अल्प उत्पन्नाच्या घरांतील अतिशय हुशार मुले बहुसंख्येने अशा संस्थांना अर्जच करीत नाहीत, जरी मदत धरता तेथील शिक्षण त्यांना गावाजवळच्या महाविद्यालयापेक्षा स्वस्त पडले असते. छापील किंमत त्यांना दारातूनच परतवते. २०११ पासून प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळावर प्रत्यक्ष किमतीचा अंदाज देणारे गणकयंत्र ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. त्याचा उपयोग आहे. पण मिशिगन विद्यापीठातील प्रयोग अधिक बोलका ठरला. तेथे गरीब व गुणी विद्यार्थ्यांना ‘तुमची निवड झाल्यास चार वर्षांचे शुल्क माफ’ असे पत्र व्यक्तिशः पाठवले गेले. यांतील बहुतेकांना ते शुल्क एरवीही माफ झालेच असते. केवळ आगाऊ व निश्चित शब्द दिल्याने अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले.

भारतीय विद्यार्थ्याच्या बाबतीत हिशेबाचा बराच भाग बदलतो. त्याला पेल अनुदान मिळत नाही, आणि ऐपत-निरपेक्ष धोरण बहुतेक संस्था परदेशीयांना लावीत नाहीत. ॲमहर्स्ट आणि २०२२ पासून बोडन हे ठळक अपवाद होत. इतरत्र मदत मागितल्यानेच निवडीची शक्यता घटते, पण निवड झाल्यास कित्येक ठिकाणी पूर्ण गरज भागवली जाते. अर्जात उत्पन्न रुपयांत लिहिता येते. अडचण येते ती पुढे : शेतीचे उत्पन्न करविवरणात दिसत नाही, घर आजोबांच्या नावावर असते, आणि त्यात तीन भावांचा हिस्सा असतो. अशा कुटुंबाची ‘शक्ती’ त्या नमुन्याच्या चौकटींत बसत नाही. तेव्हा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सात-बाराचा उतारा व त्यांची इंग्रजी भाषांतरे जोडून, घराची परिस्थिती वेगळ्या पत्रात स्पष्ट लिहावी. वाचणारा अधिकारी असे पत्र वाचतो. विद्यार्थी-परवान्यासाठी निदान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते, आणि महाविद्यालयाने मंजूर केलेले अनुदान त्या तजविजीत धरले जाते.