एक ‘मामा’, अनेक नाती

मराठी मूल ‘मामा’ म्हणते ते आईच्या भावाला. परंतु कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप, आणि आई म्हणजे ‘देदा’. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलखात पिट्जंट्जारा भाषा बोलणारे आदिवासीही बापालाच ‘मामा’ म्हणतात. अँडीज पर्वतातील केचुआ, पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली आणि चिनी या भाषांत हाच शब्द मातृवाचक आहे, तर तुर्कीत ‘मामा’ म्हणजे तान्ह्या बाळाचे खाणे. या भाषांची कुळे भिन्न आहेत. जॉर्जियाचा बाप ऑस्ट्रेलियात पोहोचला असे मानण्यास तर तिळमात्र आधार नाही.

मग हा एकच उच्चार इतक्या ठिकाणी उपजला कसा? मर्डॉक या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने जगभरच्या भाषांतून आई आणि बाप यांचे वाचक असे १०७२ शब्द गोळा केले होते. त्या सामग्रीच्या आधारे रोमान याकोबसन या रशियन भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दाखवून दिले, की आईच्या नावांपैकी ५५ टक्के नावांत म, न यांसारखी अनुनासिक व्यंजने आढळतात आणि बापाच्या नावांत मात्र अवघ्या १५ टक्क्यांत. कारण त्याने शोधले ते अर्भकाच्या मुखात. ओठ स्तनाला लागलेले आणि मुख पूर्ण भरलेले असता वायूला नाकावाटेच वाट मिळते, आणि त्या स्थितीत बाळाच्या कंठातून जो हुंकार उमटतो तो अनुनासिकच असतो. पुढे अन्न दृष्टीस पडताच, आणि त्यानंतर अन्न देणारी दिसताच, बाळ तोच ध्वनी काढू लागते. मिटलेले ओठ उघडले की ‘म’च्या पाठोपाठ ‘आ’ आपोआप येतो, आणि सहा-सात महिन्यांचे मूल तेच अक्षर पुनःपुन्हा उच्चारीत राहते.

याची साक्ष आपल्याच स्वयंपाकघरात आहे. बाळाला भरवताना आई ‘मंमं’ म्हणते; जपानी आई त्याच प्रसंगी ‘मान्मा’ म्हणते.

ध्वनी निसर्गाने दिला, तरी त्याचा अर्थ ठरवतो तो समाज, आणि मला या विषयाचे खरे मर्म येथेच दिसते. संस्कृतात आईच्या भावासाठी ‘मातुल’ हा ‘मातृ’ शब्दाशी जोडलेला भारदस्त शब्द होता. मराठीत ती जागा ‘मामा’ने घेतली. तमिळमध्ये ‘मामा’ हा आईचा भाऊ आहे तसाच सासराही आहे, कारण तेथे मामाच्या मुलीशी विवाह संमत आहे. महाराष्ट्रातही अनेक जातींत ही चाल होती. इरावती कर्वे यांनी आपल्या १९५३ सालच्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात तिचा सविस्तर परामर्श घेतला आहे. जुन्या घरांतील सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणे, ते उगाच नव्हे: आत्याच्या घरी दिलेल्या मुलीची सासू मुळातच तिची आत्या असे, आणि आत्याच्या यजमानांना मराठी घरांत पूर्वापार ‘मामा’च म्हणत आले.

केवळ अशा उच्चारसाम्यावरून सर्व भाषांची जननी आपलीच, असा निवाडा देणारे उत्साही लोक प्रत्येक देशात असतात. त्यांचा पुरावा ग्राह्य धरता येत नाही. भाषांचे गोत्र ठरते ते ध्वनींच्या नियमित तफावतीवरून: संस्कृत ‘पितृ’ आणि लॅटिन ‘पातेर’ यांच्या आरंभी ‘प’ आहे, तेथे इंग्रजी ‘फादर’मध्ये ‘फ’ येतो, आणि हाच फरक ‘पाद’ आणि ‘फूट’ यांतही दिसतो. उलट आजचा उच्चार किती फसवा असतो ते पाहा: जपानीत आई म्हणजे ‘हाहा’. परंतु आजच्या ‘ह’च्या जागी प्राचीन काळी ‘प’ होता, म्हणजे जपान्यांची आई एके काळी ‘पापा’ होती!

‘मामा’ हा ध्वनी जतन करावा लागत नाही. प्रत्येक पाळण्यात तो नव्याने जन्म घेतो. त्याला चिकटलेली नाती मात्र बोलणारे गेले की जातात, आणि ‘मामंजी’, ‘आत्याबाई’ ही संबोधने आजच विरळ झाली आहेत. म्हणून वाचकांना विनंती, की घरातील वृद्धांना त्यांच्या माहेरी-सासरी कोणाला काय म्हणत, हे विचारून गावाच्या आणि जातीच्या नोंदीसह लिहून ठेवावे.