वासरू, तीळ आणि सर्वज्ञ

गड्ड्याच्या यात्रेत होमाच्या रात्री सोलापुरात थंडी चांगलीच झोंबते, तरी होम मैदानावरची गर्दी हलत नाही. बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून ती अग्नीत दिली जाते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लावून दुसऱ्या दिवशी सती गेलेल्या कुंभारकन्येचे ते प्रतीक. त्यानंतर, रात्र बरीच चढल्यावर, देशमुख घराण्याचे वासरू पुढे आणतात. दिवसभर त्याला उपाशी ठेवलेले असते. मानकरी हिरेहब्बू पूजा करतात आणि त्याच्यापुढे गूळ, खोबरे, बोरे, गाजर, विड्याची पाने, धान्य असे काय काय मांडले जाते. वासरू ज्याला तोंड लावील ते महागणार. मुतले तर पाऊसपाणी चांगले. बिथरले तर वर्ष धास्तीचे. हीच भाकणूक, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ती ठळक छापून येते.

हसणारे हसतात. मला मात्र या वासरामागे एक फार जुना पेच उभा दिसतो. पुढचे सगळे देवाला आधीच ठाऊक असेल, तर ते ठरलेलेच असणार; आणि ठरलेलेच असेल तर विचारून उपयोग काय? उलट काहीच ठरलेले नसेल, तर देवाला तरी ते कुठून ठाऊक असणार?

या पेचावर सर्वांत खोल खणले ते जैनांनी, असे माझे मत आहे. आणि त्यांचे जुने ग्रंथ संपादून छापण्याचे मोठे काम सोलापुरातच झाले. इथल्या जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेने आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादलेली ‘तिलोयपण्णत्ती’ प्रसिद्ध केली. जैन मत जग घडवणारा देव मानत नाही, पण सर्वज्ञ मानते. केवलज्ञानी पुरुषाला प्रत्येक द्रव्याचे तिन्ही काळांतले पर्याय, म्हणजे अवस्था, एकदम दिसतात. कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसारा’त तर न घडलेले पर्यायही त्याला समोर असल्यासारखे दिसतात, असे म्हटले आहे. मग ते पर्याय रांगेने ठरलेलेच म्हणायचे ना? विसाव्या शतकात सोनगढच्या कानजीस्वामींनी ‘हो’ म्हटले आणि ‘क्रमबद्ध पर्याया’चा वाद दिगंबर पंडितांत पेटला. रांग ठरलेली असेल तर पुरुषार्थ कशाला, हा विरोधकांचा सवाल होता.

वाद नवा नव्हता. श्वेतांबर आगमांत महावीरांबरोबर फिरणाऱ्या गोशालकाची गोष्ट आहे. वाटेत तिळाचे एक रोप दिसले. याला तीळ येतील का, असे त्याने महावीरांना विचारले. येतील, म्हणाले, याची सात फुले मरून एकाच बोंडात सात तीळ होतील. गोशालकाने मागे राहून ते रोप उपटून टाकले. पण पाऊस आला, रोप पुन्हा रुजले, आणि परत येताना पाहिले तर बोंडात सात तीळ! गोशालकाचा नियतिवाद हेच सांगतो: सगळे ठरलेले आहे, प्रयत्न फोल. संक्रांतीला तिळगूळ तोंडात टाकताना मला हे रोप हटकून आठवते.

त्याच आगमांत दुसरी बाजू आहे ती एका कुंभाराची. सद्दालपुत्त हा गोशालकपंथी. महावीर त्याला विचारतात, ही मडकी प्रयत्नाने झाली की आपोआप? आपोआप, नियतीने, असे तो म्हणतो. मग कोणी ही मडकी फोडली, तुझ्या बायकोवर हात टाकला, तर? कुंभार म्हणतो, मी त्याला बडवीन. मग ‘सगळे ठरलेले’ हे खोटे, असे महावीर त्याला दाखवतात. यातून भविष्य मोकळे आहे असे सिद्ध होत नाही, हे कबूल. पण नियती मानून संसार करता येत नाही, एवढे तरी नक्की कळते.

पाश्चात्त्यांचे थोडक्यात उरकतो. सहाव्या शतकात तुरुंगात मरणाची वाट पाहत बसलेल्या बोएथियसने म्हटले, देव काळाबाहेर आहे. त्याला सगळे एकदम दिसते, आणि दिसण्याने कोणी बांधला जात नाही. अलीकडचे काही ख्रिस्ती विचारवंत म्हणतात, जे अजून ठरलेच नाही ते न जाणण्यात देवाला कमीपणा नाही. मला यांच्यापेक्षा शंकराचार्यांचा दाखला जवळचा वाटतो. ब्रह्मसूत्रभाष्यात ते ईश्वराला पावसाची उपमा देतात. पाऊस सगळ्यांना सारखाच. भात उगवायचा की जव, हे बियाण्यावर; तसे फळ ज्याच्या त्याच्या कर्मावर. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

आता पुन्हा सोलापूर. महाराष्ट्रात घरोघरी असणारे दाते पंचांग याच गावचे. त्यातली ग्रहणाची वेळ मिनिटाला बरोबर येते, आणि त्याच पंचांगात पावसाच्या नक्षत्राचे वाहन बेडूक की म्हैस हेही असते. दोन्ही एकाच पुठ्ठ्यात, पण दोहोंची जात वेगळी. ग्रहण सांगितल्याने हलत नाही. गुळाचा भाव हलतो! वासराने गुळाला तोंड लावले हे ऐकून चार व्यापाऱ्यांनी ढेपा दाबून ठेवल्या, तर भाकणूक खरी ठरते. शेतकऱ्यांनी जास्त ऊस गुऱ्हाळाकडे वळवला, तर खोटी. सांगितलेले भविष्य बाजारात उतरते आणि स्वतःच भाव पाडते किंवा चढवते. म्हणून मला वाटते, देव जाणत असेलही. पण माणसांच्या व्यवहाराबद्दल तो बोलला की तेवढे भविष्य पुन्हा मोकळे होते.

फलज्योतिषाची मात्र चाचणी घेता येते आणि ती झालीही आहे. 2008 साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांकडे पाठवल्या, कोणती कोणाची ते ओळखायला. प्रत्येकाला 40. उत्तरे 27 जणांनी दिली, आणि सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी 50 च्या आसपास आली असती.

आणि ज्याची ही यात्रा तो स्वतः सिद्धराम, म्हणजेच सिद्धेश्वर? बाराव्या शतकातला हा वचनकार शिवयोगी. त्याने इथे 68 लिंगे स्थापली आणि तळे खोदवले. अल्लमप्रभू त्याला भेटले तेही हे काम चालू असतानाच, असे परंपरा सांगते. दुष्काळ येणारच, हे धरूनच माणूस तळे खोदतो. दुष्काळ आपल्याला बुडवणारच, असे मात्र धरत नाही. सिद्धरामाचे भक्तही तसेच: रात्री भाकणूक ऐकतात आणि सकाळी उजनी धरण किती टक्क्यांवर आहे ते बघतात.

सोलापूरच्या संपादकांना एक विनंती. येत्या जानेवारीत भाकणूक छापाल, तेव्हा शेजारच्या चौकटीत गेल्या वर्षीची भाकणूक, झालेला पाऊस आणि गुळाचे वर्षभरातले भाव छापा. पावसाची नोंद सरकारदरबारी मिळते, भावांची बाजार समितीत. त्या बाजार समितीचे नावही सिद्धेश्वराचेच आहे.