बरणीचा तळ आणि पायातला काटा

अमरावतीचा वडाळी तलाव असो की अकोल्याची मोर्णा नदी, काठचा थोडासा गाळ सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दोन महिने पुरतो. उंच पारदर्शक बरणीत गाळ, वर्तमानपत्राचे कपटे, अंड्याचा बलक, खडूची पूड आणि पाणी घालून ती खिडकीत ठेवायची. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांची ही १८८० च्या दशकातली युक्ती. काही आठवड्यांत थर दिसू लागतात. वर ऑक्सिजन असतो तिथे शेवाळ, त्याखाली जांभळे आणि हिरवे गंधकजीवी जिवाणू, तळाशी काळा थर. वऱ्हाडची माती मुळातच काळी, त्यामुळे हा थर ओळखायला नजर लागते. सडक्या अंड्याचा वास मात्र चुकत नाही.

या ऑक्सिजनविरहित तळाशी क्लॉस्ट्रिडियम गटातले जिवाणू वाढतात. धनुर्वाताचा जिवाणू याच गटातला, आणि मातीत तो सर्वत्र असतो. शेतात पायात खोल काटा मोडला, वरून जखम बुजली, की आत बरणीच्या तळासारखीच जागा तयार होते. अशा जखमेवर माती किंवा शेण लावू नये. साबणाने, भरपूर पाण्याने धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मळलेली जखम असेल आणि धनुर्वाताच्या आधीच्या लशीला पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा डोस घ्यावा लागतो.